वाफशाचे गणित

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरतात तेव्हा पावसाळा उतरणीला लागलेला असतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर उजाडताना घात येते, पेरणी उरकते आणि मग मालदांडी ज्वारी साधारण १२० दिवस जमिनीतल्या ओलीवर उभी राहते. विहीर नाही, पाट नाही. परतीचा एखादा पाऊस मिळाला तर मिळाला. मीटरभर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असे दीडशे ते अडीचशे मिलीमीटर पाणी मावते. दोनशे धरले तर एकरी आठ लाख लिटर. एवढे पाणी त्या रानात आहे, पण खड्डा खणून बसलात तर तळाशी थेंबसुद्धा जमत नाही. माती हाताला गार आणि ओलसर लागते, तेवढेच. खड्ड्यात न येणारे हे पाणी ज्वारीच्या मुळांकडे मात्र रोज सरकत असते.

ते कोणी धरून ठेवले आहे आणि ते हलते कसे, हा प्रश्न एकट्या ज्वारीचा नाही. विहिरीला पाणी कधी येणार, डोंगराची दरड कधी सुटणार, उसाच्या रानात मीठ का फुटते, पुढच्या आठवड्याच्या पावसाचा अंदाज किती खरा ठरणार, या सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे. जमिनीचा पृष्ठभाग आणि भूजलाची पातळी यांच्यामधल्या या पट्ट्याला शास्त्रज्ञ असंपृक्त म्हणतात: ज्याच्या छिद्रांत पाणीही आहे आणि हवाही आहे. शेतकऱ्याकडे या अवस्थेसाठी त्याहून नेमका शब्द आहे, वाफसा. जमीन चिबडलेली नाही आणि वाळलेलीही नाही. मूठभर माती दाबली तर लाडू वळतो, तोच कमरेच्या उंचीवरून टाकला तर फुटतो. वाफशातल्या या पाण्याचे गणित मांडण्याचा प्रयत्न शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. मुख्य समीकरण १९३१ पासून हाताशी आहे आणि ते सोडवणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. अडले आहे ते मातीपाशी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त अडले आहे ते आपल्या काळ्या मातीपाशी.

सुरुवात मात्र पूर्ण भिजलेल्या वाळूपासून झाली. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला नळाचे पाणी देणारा अभियंता आँरी दार्सी याने वाळू भरलेल्या उभ्या नळांतून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ साली शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या आपल्या ग्रंथात निष्कर्ष छापला. दोन टोकांमधला पाण्याच्या दाबाचा उतार जितका तीव्र, तितका प्रवाह जास्त. आणि त्या दोघांना जोडणारा आकडा वाळूचा स्वतःचा. हा आकडा म्हणजे जलवाहकता. दार्सीच्या वाळूत छिद्रन् छिद्र पाण्याने भरलेले होते, म्हणून एका वाळूला एक आकडा पुरला.

वाफशातल्या मातीत दोन गोष्टी बदलतात. पहिली दाबाची. समईतली वात तेल वर ओढते तशी बारीक छिद्रे पाणी ओढून धरतात. एक दशांश मिलीमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३० सेंटीमीटर चढते. व्यास दोन हजारांश मिलीमीटर केला तर हिशेबाने १५ मीटर. चिकणमातीतली छिद्रे याहूनही बारीक असतात. म्हणून या मातीतले पाणी ढकलले जात नाही, ओढले जाते. त्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो आणि म्हणूनच ते खड्ड्यात उतरत नाही. माती जसजशी सुकते तसतशी ही ओढ वाढते. पीक कायमचे कोमेजते तेव्हा ती सुमारे १५ वातावरणांची, म्हणजे दीडशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी झालेली असते.

ही ओढ ऊर्जेच्या भाषेत मांडली ती एडगर बकिंगहॅम याने. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मृदा विभागात काम करताना त्याने केलेल्या प्रयोगांची पुस्तिका १९०७ मध्ये निघाली. मातीतले पाणी उंचसखलपणामुळे हलते तसेच ओढीच्या फरकामुळेही हलते, आणि ओल्या मातीची जलवाहकता हा एक आकडा नसून ओलीप्रमाणे बदलणारी राशी आहे, ही दोन्ही विधाने त्या पुस्तिकेत आहेत. हा भौतिकशास्त्रज्ञ पुढे दुसऱ्याच विषयांकडे वळला. त्याने मागे ठेवलेल्या पन्नाससाठ पानांवर मृदाभौतिकी अजून उभी आहे.

पुढचे पाऊल लॉरेन्झो रिचर्ड्सच्या नावावर आहे. कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्याने बकिंगहॅमच्या प्रवाहाच्या नियमाला पाण्याच्या जमाखर्चाची जोड दिली: मातीच्या एखाद्या थरात जितके पाणी आले आणि जितके गेले, त्यातला फरक म्हणजे त्या थराची वाढलेली किंवा घटलेली ओल. १९३१ मध्ये छापलेले हे समीकरण रिचर्ड्सचे समीकरण म्हणून ओळखले जाते. न्यायाने पाहिले तर लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हेच समीकरण नऊ वर्षे आधी, १९२२ मध्ये लिहून ठेवले होते. तो हवामानाचा अंदाज आकडेमोडीने वर्तवण्याच्या खटपटीत होता, आणि वरची हवा कळायची तर खालची माती किती ओल सोडते हे कळले पाहिजे, असे त्याला वाटले. मृदाशास्त्रज्ञांनी हवामानाचे पुस्तक उघडले नाही. माती आणि आभाळ यांचा हा तुटलेला संवाद पुढे कितीतरी वर्षे तसाच राहिला.

समीकरण दिसायला आटोपशीर आहे. त्यातली गाठ वाहकतेच्या आकड्यात आहे. माती पूर्ण भिजलेली असताना तिची जी वाहकता असते, ती कोमेजण्याच्या टप्प्यापर्यंत दहा लाख पटींनी, कधी त्याहून अधिक घसरते. कारण समजायला अवघड नाही. सुकताना सर्वांत आधी मोठी छिद्रे रिकामी होतात, आणि खरी वाहतूक त्यांतूनच होत असते. उरलेले पाणी कणांच्या कोपऱ्यांत आणि कणांवरच्या पातळ थरांत अडकते, त्याचा रस्ता लांब आणि वाकडातिकडा होतो. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. भिजलेली वाळू चिकणमातीपेक्षा कितीतरी वेगाने पाणी सोडते, पण दोन्ही सुकू लागल्या की वाळूची वाहकता कोसळते आणि एका टप्प्यानंतर चिकणमाती वाळूपेक्षा जास्त पाणी वाहू लागते.

घरातल्या कुंडीत हे पाहता येते. निचरा व्हावा म्हणून आपण तळाशी विटांचे तुकडे आणि खडी घालतो. पण वरच्या मातीतले पाणी खडीत सहजासहजी उतरत नाही. खडीच्या मोठ्या पोकळ्यांना ओढच नाही, आणि कोरड्या खडीची वाहकता जवळपास शून्य. वरची माती तळाशी पुरती तुडुंब झाल्यावरच पाणी खाली टपकते. म्हणजे खडीमुळे मुळांभोवतीचा दलदलीचा थर वर सरकतो, इतकेच. काचेच्या उभ्या बरणीत खाली बारीक खडी आणि वर चाळलेली माती भरून हळूहळू पाणी घाला. ओल खाली उतरते, खडीच्या रेषेवर येऊन थबकते आणि आडवी पसरते. ती रेषा मी बराच वेळ बघत बसलो आहे. मुरमावर पसरलेल्या मातीच्या थरात जागोजागी हेच घडते, आणि कचऱ्याच्या ढिगावर पावसाचे पाणी उतरू नये म्हणून अभियंते हेच तत्त्व मुद्दाम वापरतात.

वाहकता इतकी लहरी असल्यामुळे समीकरण हाताने सोडवणे फार थोड्या प्रसंगांत शक्य होते. म्हणून सोप्या वाटाही निघाल्या, आणि त्यातली एक रिचर्ड्सच्याही आधीची आहे. मेलबर्नच्या ग्रीन आणि अँप्ट यांनी १९११ मध्ये असे मानले की पाणी मातीत उतरते ते भिंतीसारखी सरळ कड धरून: कडेच्या वर माती भिजलेली, खाली कोरडी. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर शेतकरी खुरप्याने उकरून बघतो ती हीच कड. वरची ओल खालच्या जुन्या ओलीपर्यंत पोहोचली की तो म्हणतो, ओलीला ओल लागली. ग्रीन आणि अँप्ट यांचा हिशेब ओबडधोबड वाटतो, पण शंभर वर्षांनंतरही पुराचा अंदाज बांधणाऱ्या कितीतरी मॉडेलांत तो तग धरून आहे. ऑस्ट्रेलियाच्याच जॉन फिलिप याने १९५७ मध्ये रिचर्ड्सच्या समीकरणातून काटेकोरपणे दाखवले, की सुरुवातीला मुरलेले पाणी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि नंतर गुरुत्वाकर्षणाचा वाटा मोठा होत जातो. पावसाच्या पहिल्या सरी माती घटाघट पिते आणि मग तिचा वेग मंदावतो, याचे ते गणित.

संगणक आल्यावर गरज पडली ती दोन वक्रांची: कोणत्या ओढीला किती ओल राहते आणि त्या वेळी वाहकता किती असते. ब्रूक्स आणि कोरी यांनी १९६४ मध्ये एक सूत्र दिले. मुआलेम याने १९७६ मध्ये ओलीच्या वक्रावरून वाहकतेचा वक्र काढण्याची युक्ती सांगितली. १९८० मध्ये रीन व्हॅन गेनुख्टेन याने दोन्ही जोडून असे सफाईदार सूत्र दिले, की पाचसहा आकड्यांत माती संपूर्ण बसवता येऊ लागली. मृदाशास्त्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांपैकी हा एक आहे. माझ्या दृष्टीने त्याची सोय हाच त्याचा धोकाही ठरला. वक्र इतका सुरेख बसतो, की तो मोजला आहे की गृहीत धरला आहे हे विचारायचे राहून जाते.

शिवाय माती एका वक्रावर चालत नाही. त्याच ओढीला सुकत असलेल्या मातीत जास्त पाणी असते आणि भिजत असलेल्या मातीत कमी, हे हेन्स याने १९३० मध्ये दाखवले. छिद्रे सुरईसारखी असतात, मान अरुंद आणि पोट रुंद. रिकामे होताना मान अडवते, भरताना पोट उशीर करते. ओलीचा आकडा सारखा असूनही आज पाऊस पडलेले रान आणि आठवडाभर सुकत गेलेले रान वेगळे वागते, ते यामुळे. रोजच्या वापरातली बहुतेक मॉडेले ही बाब सोडून देतात.

आकडेमोडीच्या बाजूने मोठा अडसर १९९० मध्ये दूर झाला. तोवर संगणकाने काढलेल्या उत्तरात पाणी हरवायचे किंवा आपोआप तयार व्हायचे. सीलिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी समीकरण अशा रूपात मांडले की जमाखर्च पक्का जुळतो. यान शिमूनेक आणि सहकाऱ्यांचे हायड्रस, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचे स्वॅप, ही आज जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअर याच घराण्यातली. ठिबकच्या तोटीखाली ओल किती रुंद आणि किती खोल पसरेल, युरियातले नत्र मुळांच्या खाली कधी निसटेल, हे वाळूसर आणि पोयट्याच्या जमिनीत ती बऱ्यापैकी सांगतात.

इथून पुढे काळी जमीन.

रिचर्ड्सच्या समीकरणात न बोलता मानलेली एक गोष्ट आहे: मातीचा सांगाडा ताठ आहे, पाणी आले-गेले तरी छिद्रे आपल्या जागी राहतात. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीला हे लागू नाही. तिच्यातली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती पाणी घेऊन फुगते आणि सोडताना आक्रसते. मार्चएप्रिलात मंगळवेढ्याच्या त्याच रानात गेलात तर जमीन भेगाळलेली असते. भेगेत हात मनगटापर्यंत जातो, आणि ज्वारीचे धाट खाली सोडले तर मीटरभर आत जाऊन अडकते. भेगेच्या भिंतीवर नखाने खरवडले तर दगडासारखी माती. भेगेतून मुळे तुटून लोंबत असतात.

या रानावर जूनचा पहिला वळीव पडला की पाणी पृष्ठभागावरून मुरत नाही, भेगांतून थेट खाली जाते. खड्डा घेऊन बघितले तर वरचे चार बोट ओले, मधले हातभर कोरडे ठणठणीत, आणि खाली मीटरभरावर पुन्हा ओल. वरून खाली सरकणारी सरळ कड कुठेच नाही. मग भेगा मिटत जातात आणि तीच जमीन जवळजवळ बंद होते. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेच्या काळ्या जमिनीवरची मोजणी बोलकी आहे: पहिल्या अर्ध्या तासात ताशी सुमारे ७६ मिलीमीटर पाणी मुरले, दुसऱ्या तासात वेग ताशी ४ मिलीमीटरवर आला, आणि १४४ तासांनी ताशी ०.२ मिलीमीटरवर. एकाच जागी, आठवड्याच्या आत, वेग साडेतीनशे पटींहून अधिक घसरला. तिथल्याच लाल जमिनीचा वेग सुरुवातीला जवळपास तेवढाच होता, पण शेवटी तो ताशी ७ मिलीमीटरच्या पुढे टिकला. इक्रिसॅटने विकसित केलेली रुंद वरंबा सरी आज विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनला वापरतात, ती या बंद झालेल्या जमिनीवरचे पाणी मुळांपासून दूर नेण्यासाठीच.

पाणी मातीला बगल देऊन वाहते हे विज्ञानाला नवे नव्हते. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी १८८२ मध्येच लिहिले होते, की निचऱ्याच्या पाण्याचा काही भाग मातीशी फारशी ओळख न करता मोकळ्या वाटांनी उतरतो. रिचर्ड्सच्या समीकरणाची मोहिनी पडल्यावर ते मागे पडले. बेव्हन आणि गेरमान यांनी १९८२ मध्ये तो विषय पुन्हा ऐरणीवर आणला. गांडुळांची बिळे, कुजलेल्या मुळांच्या वाटा, भेगा यांतून जाणारे पाणी मातीतली ओढ शून्यावर येण्याची वाट बघत नाही. भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो: एक मिलीमीटरची भेग एक दशांश मिलीमीटरच्या भेगेपेक्षा हजारपट पाणी नेते. अशा भेगांनी मातीच्या आकारमानाचा एखादाच टक्का व्यापला तरी सरासरी वाहकतेला अर्थ उरत नाही.

यावर दोन प्रकारचे उपाय पुढे आले. एका गटाने एकाच जागी दोन माती मानल्या, एक बारीक छिद्रांची आणि एक मोकळ्या वाटांची, आणि दोघींत पाण्याची देवघेव ठेवली. गेर्के आणि व्हॅन गेनुख्टेन यांचे १९९३ चे मॉडेल या वाटेवरचा मैलाचा दगड आहे. दुसऱ्या गटाने फुगण्यालाच हात घातला. फिलिप आणि स्माइल्स यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मातीच्या कणांबरोबर सरकणारी मोजपट्टी वापरून फुगणाऱ्या मातीचे समीकरण लिहिले. बौद्धिकदृष्ट्या ते देखणे काम आहे, पण भेगा पडल्या की तेही थांबते. नेदरलँड्सच्या ब्रॉन्सवाइक याने १९८८ मध्ये व्यवहारी वाट धरली: माती सुकताना जितकी आक्रसते त्यातला काही भाग जमीन खचण्यात जातो, काही भेगा रुंदावण्यात, आणि पाऊस मातीच्या वेगापेक्षा जोरात आला की उरलेले पाणी भेगेत घाला. स्वॅपमध्ये आज या विचाराची वाढवलेली आवृत्ती आहे. काळ्या जमिनीसाठी मला हीच वाट सर्वांत जवळची वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक आकडा रानात मोजता येतो. भेगेची रुंदी, खोली आणि जमिनीचे खचणे मोजायला दोरी, पट्टी आणि वर्षभराची चिकाटी लागते.

कोरडवाहू शेतकऱ्याने भेगांचा प्रश्न आपल्या परीने कधीच हाताळला आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे म्हणतात ते उगीच नाही. कोळप्याची फास वरची दोनतीन इंच माती मोकळी करते, ती भेगांत पडून त्यांची तोंडे बुजवते, आणि वर उरतो तो भुसभुशीत कोरडा थर. वर सांगितले तसे कोरड्या, मोकळ्या मातीची वाहकता लाखो पटींनी कमी. खालची ओल त्या थराला ओलांडून उन्हापर्यंत पोहोचू शकत नाही. असंपृक्त प्रवाहाचा इतका स्वस्त उपयोग मला दुसरा माहीत नाही.

आता आकड्यांकडे. कोणतेही मॉडेल घ्या, ते मातीचे पाचसहा आकडे मागते. ते प्रत्येक रानात मोजणे शक्य नाही, म्हणून वाळू, पोयटा आणि चिकणमातीच्या प्रमाणावरून ते अंदाजे काढण्याची सूत्रे निघाली. २००१ चे रोझेटा हे त्यातले सर्वांत परिचित. ते ज्या नमुन्यांवर उभे आहे ते मुख्यतः अमेरिका आणि युरोपातले आहेत. तिथल्या साठ टक्के चिकणमातीची वाहकता आपल्या साठ टक्के चिकणमातीला लावायची, हे आपण किती सहज करतो! विदर्भातल्या काळ्या जमिनींचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. वर्गवारीत एकसारख्या दिसणाऱ्या जमिनींवर कापूस मात्र एकसारखा येत नव्हता. उत्पन्नाशी खरे नाते निघाले ते भिजलेल्या मातीच्या जलवाहकतेचे, आणि ती ठरत होती सोडियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणावर. जिथे ते जास्त, तिथे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात, आणि पाऊस खालच्या थरात उतरतच नाही. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा हे याचे टोक. वाळू, पोयटा आणि चिकणमातीच्या प्रमाणात हे काहीच दिसत नाही.

मोजायला बसले की उपकरणेही काळ्या जमिनीपुढे थकतात. ताणमापी म्हणजे पाण्याने भरलेली नळी आणि टोकाला सच्छिद्र मातीचा पेला. माती पेल्यातून पाणी ओढते आणि वरचा काटा ओढ दाखवतो. एका ज्वारीच्या रानात आम्ही तीन वेगवेगळ्या खोलींवर असे ताणमापी पुरले होते. नोव्हेंबरभर काटे शहाण्यासारखे चढत गेले. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उथळ ताणमापीचा काटा ऐंशी किलोपास्कलपाशी थरथरला आणि दुसऱ्या दिवशी शून्यावर आला. नळीत बुडबुडे दिसत होते. या ओढीला पाण्याचा स्तंभ तुटतोच, तो उपकरणाचा दोष नव्हता. पण ज्वारी तिथे हिरवीगार उभी होती आणि आणखी दोन महिने उभी राहणार होती. तिला पंधराशे किलोपास्कलपर्यंत पाणी ओढता येते. पिकाच्या आयुष्याचा जवळपास निम्मा भाग आमच्या काट्याच्या पलीकडे गेला. शेजारी लावलेल्या दुसऱ्या मापकाची कथा वेगळी. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८० आणि मातीच्या खनिजांचा ३ ते ५, या फरकावरून तो ओल ओळखतो. जानेवारीत त्याच्या दांड्यांलगत भेग पडली आणि तो मातीऐवजी हवा मोजू लागला.

या सगळ्याची किंमत शेताबाहेरही मोजावी लागते. दिवाळीत मुले किल्ला करतात तेव्हा कोरडी माती उभी राहत नाही आणि फार भिजवली तर ओघळते. मधल्या ओलीला बुरूज टिकतो, कारण छिद्रांतली ओढ कणांना कणांशी बांधून ठेवते. सह्याद्रीच्या उतारांवरची माती पावसाळ्याआधी अशाच बांधणीवर उभी असते. दिवसेंदिवस पाऊस लागला की ओल खाली उतरते, ओढ शून्याकडे जाते आणि बांधणी सुटते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गेले आणि सुमारे दीडशे माणसे गेली. २०२१ च्या जुलैत तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आयव्हर्सन याने २००० साली रिचर्ड्सच्या समीकरणाचे सोपे रूप वापरून दाखवले, की दीर्घ पावसाने उतार हळूहळू कमकुवत होतो आणि त्यावर आलेली जोराची सर शेवटचा धक्का देते. म्हणजे इशारा द्यायचा तर नुसता आजचा पाऊस पुरत नाही. मातीत आधीची ओल किती आहे ते कळले पाहिजे. वस्तीच्या वरच्या उतारात पुरलेले चार ताणमापी इथे भारी काळ्या रानापेक्षा जास्त कामाचे, कारण इथे मोजायची आहे ती शून्याजवळची ओढ, आणि तिथे हे साधे उपकरण चोख चालते. पावसाच्या आकड्याइतकाच हा आकडाही तालुक्याच्या कचेरीत रोज पोहोचला पाहिजे, असे मला फार तीव्रतेने वाटते.

सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी प्रश्न उलटा आहे, पाणी वर येण्याचा. उसाला वर्षानुवर्षे पाटाचे पाणी देऊन भूजल वर आले, आणि बारीक छिद्रांतून चढणारे पाणी उन्हाने उडून मीठ मागे ठेवते. गार्डनर याने १९५८ मध्ये दाखवले, की पाण्याची पातळी जसजशी खोल जाईल तसतसे वर येऊ शकणारे पाणी झपाट्याने घटते: खोली दुप्पट केली तर भारी जमिनीत साधारण चौथाईवर, वाळूसर जमिनीत सोळाव्या हिश्श्यावर. क्षारपड जमिनीत निचऱ्याचे सच्छिद्र पाइप किती खोल घालायचे, हे या हिशेबावर ठरते.

आणि आभाळ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी जे मॉडेल घडवले गेले, त्यात जमिनीचे दोन मीटरपर्यंतचे चार थर आहेत आणि त्यांतून पाणी रिचर्ड्सच्या समीकरणाने हलते. रिचर्डसनला जे हवे होते ते आता होते आहे. पण त्या मॉडेलचा एक चौकोन सुमारे ३८ किलोमीटरचा. पुरंदरच्या माथ्यावरचा मुरूम, खालची मध्यम जमीन आणि नदीकाठची काळी असे सगळे एका चौकोनात येते, आणि त्या सर्वांना मिळून एक माती, एक वाहकता. हातभर मातीच्या नळीत सिद्ध झालेले समीकरण इतक्या मोठ्या चौकोनाला लावण्याला भौतिकशास्त्रात आधार नाही. ते काम चालवून नेते, यापलीकडे त्याचे समर्थन मला देता येत नाही.

उपग्रहांनी थोडी मदत केली आहे. युरोपचा स्मॉस २००९ पासून आणि नासाचा स्मॅप २०१५ पासून ओल टिपतो आहे, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून निघालेला निसार बऱ्याच बारकाईने पाहू शकतो. पण त्यांची नजर साधारण वरच्या पाच सेंटीमीटरपर्यंत. ज्वारी पितेय ती ओल मीटरभर खाली. वरच्या पाचावरून खालच्या शंभराचा अंदाज बांधायला पुन्हा मॉडेलच लागते. न्यूरल नेटवर्कला रिचर्ड्सचे समीकरण पाळायला लावून शिकवण्याचे प्रयोगही जोरात आहेत. वाळूच्या नळीवर ते छान चालतात. भेगाळणाऱ्या मातीत जे समीकरणच अपुरे आहे ते यंत्राला पाळायला लावून काय साधणार, हे मला उमगलेले नाही.

चकतीच्या तळातून ठरावीक ओढीखाली पाणी सोडणारे एक साधे उपकरण ऑस्ट्रेलियात पेरू आणि व्हाइट यांनी १९८८ मध्ये तयार केले. मातीच्या अंगची वाहकता आणि भेगांची वाहकता वेगवेगळी मोजता येते ती त्यानेच. ते एका खुंटापाशी वर्षातून दोनदा ठेवायचे: एप्रिलच्या शेवटी, भेगांच्या जाळ्यावर वाळू अंथरून सपाटी करून, आणि ऑगस्टच्या मध्यात, जमीन फुगून मिटल्यावर, गुडघे चिखलात रोवून. वहीत दोन आकडे पडतात, एकमेकांशी नाते न सांगणारे, आणि दोन्ही खरे. संध्याकाळी घरी येऊन सॉफ्टवेअर उघडले की ‘वाहकता’ लिहिलेला चौकोन एकच असतो, आणि पडद्यावरची खूण त्यात लुकलुकत राहते.